गोळ्यांची पिशवी: लघवी गळण्याचं एक प्रकरण

वय ५७. अंगणवाडी सेविका. मधुमेह अकरा वर्षं, रक्तदाब सात वर्षं. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. दोन बाळंतपणं, दोन्ही नैसर्गिक. दुसरं बाळ पावणेचार किलोचं आणि कळांमध्ये अख्खी रात्र गेलेली. एक्केचाळिसाव्या वर्षी गाठी आणि अति रक्तस्राव म्हणून गर्भाशय काढलेलं. तक्रार अशी, की तीन वर्षांपासून लघवी गळते आणि गेल्या आठ-नऊ महिन्यांत हे फार वाढलं आहे. शहरातल्या एका दवाखान्यात मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवायचं ऑपरेशन ठरलंय, तारीख पुढच्या महिन्याची. त्याआधी साखर आणि बीपीचं फिटनेस (ऑपरेशनला हरकत नाही असं डॉक्टरचं पत्र) हवंय.

म्हणजे लघवीसाठी त्या माझ्याकडे आल्याच नव्हत्या. कराडजवळच्या एका गावातून फिटनेसच्या सहीसाठी आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून गाव, वय, घरचे तपशील बदलले आहेत, आणि एकदोन गोष्टी दुसऱ्या रुग्णांच्या इथे आणून जोडल्या आहेत.) दवाखान्यात मी त्यांना मावशी म्हणते, इथेही तेच म्हणेन.

फिटनेस हे दहा मिनिटांचं काम. ईसीजी, साखर, बीपी, छातीला स्टेथोस्कोप, सही. पण बरोबर सून होती आणि तिनं टेबलावर गोळ्यांची कॅरीबॅग उपडी केली. "आत्या, मॅडमना सगळं सांगा," ती म्हणाली. मावशी म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात? वय झालं." मग सूनच बोलायला लागली. पहाटे चारला मोरीत कपडे धुतल्याचा आवाज येतो. गोधडी परड्यात मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही अशी वाळत असते. लग्नाकार्याला जायचं म्हटलं की आत्यांचा गुडघा दुखतो. सासऱ्यांना तर अजून वाटतंय, की ऑपरेशन गुडघ्याचंच आहे.

मावशींची अंगणवाडी सकाळी उघडते. इमारतीला संडास आहे पण त्याला पाणी नाही, त्यामुळे तो बंद असतो आणि त्यात खेळण्यांची खोकी ठेवलेली असतात. म्हणून घरून निघताना लघवी करून निघायचं आणि दुपारी घरी परतेपर्यंत पाण्याला तोंड लावायचं नाही, हा त्यांचा नियम. चहा मात्र होतो, मदतनीस दहा वाजता करते. घरचे धरून दिवसाला पाच-सहा कप. तरी शिंक आली, पोषण आहाराचं पातेलं उचललं, एखादं पोर कडेवर घेतलं की साडी ओली. आधी जुन्या सुती साडीच्या घड्या लावायच्या, मग पाळीचे पॅड आणायला लागल्या. मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडी लाल होऊन सोलवटली होती, पांढरट बुरशी दिसत होती. भजनी मंडळ सोडलं, कारण मांडी घालून बसलेलं उठताना धार लागते, आणि ओल्या साडीनं देवळात बसणं मनाला पटत नाही. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालायच्या. दोन वर्षं तेही नाही.

हे सगळं सांगताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. कुपोषित मुलाची नोंद वाचून दाखवावी तसं सांगत होत्या. गावातल्या गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या आणि पाळीची स्वच्छता समजावून सांगणारी ही बाई. स्वतःबद्दल चार डॉक्टरांकडे मात्र तिनं खालच्या आवाजात एवढंच म्हटलं होतं, की पाणी जातंय. त्यावर एकीकडे पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या मिळाल्या. दुसरीकडे वर्षात तीनदा प्रतिजैविकं, एकदाही कल्चर, म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी, न करता. तिसरीकडे लघवी रोखायची गोळी. चौथ्या ठिकाणी ऑपरेशनची तारीख.

पिशवीतल्या गोळ्यांच्या पट्ट्या मी त्या कधी सुरू झाल्या त्या क्रमानं मांडल्या. त्यासाठी सुनेनं जपलेले कागद कामी आले. हा क्रम नसता तर पुढचं काहीच उलगडलं नसतं.

बीपीसाठी आधी अमलोडिपिन होती, हळूहळू वाढत १० मिलिग्रॅमपर्यंत गेलेली. अमलोडिपिनच्या मोठ्या मात्रेनं बऱ्याच जणांचे घोटे सुजतात. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नसते. बारीक रक्तवाहिन्या सैल पडून त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं. मावशींचेही पाय सुजले. ते पाहून कुणीतरी पाणी काढायची गोळी दिली, फ्युरोसेमाइड. ती त्या संध्याकाळी घ्यायच्या, कारण सकाळी घेतली तर अंगणवाडीत पंचाईत. या गोळीचा जोर साधारण सहा तास टिकतो. म्हणजे रात्रीची झोप तिच्याच पोटी गेली.

बीपी तरीही वर राहिलं म्हणून दीड वर्षापूर्वी रॅमिप्रिल आली. काही महिन्यांत कोरडा खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, घशात सतत गुदगुली, रात्री आडवं पडल्यावर जास्त. या गटातल्या गोळ्यांचा हा इतका नेहमीचा परिणाम आहे, की वैद्यकीच्या विद्यार्थ्यालाही तोंडी परीक्षेत तो विचारतात. पण खोकला घेऊन माणूस बीपीच्या डॉक्टरकडे जात नाही, जवळच्या दवाखान्यात जातो किंवा औषधाच्या दुकानात. एक्स-रे झाला, तो स्वच्छ आला. मग खोकल्याची बाटली, ती संपली की दुसरी. झोप येते अशा या बाटल्यांत ॲलर्जीचं जुन्या पिढीतलं औषध असतं, क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन. ते मूत्राशयाच्या आकुंचनाचा जोर कमी करतं. म्हणजे खोकल्यानं लघवी बाहेर ढकलली जात होती आणि खोकल्याच्या औषधानं आत तुंबत होती.

आठ महिन्यांपूर्वी साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन आली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे तिचं पेटंट संपलं आणि ती स्वस्त झाली. आता तालुक्याच्या गावीही सर्रास लिहिली जाते. गोळी चांगली आहे, मूत्रपिंडाला आणि हृदयाला जपते. पण ती काम करते लघवीवाटे साखर बाहेर टाकून, दिवसाला साधारण ७० ग्रॅम, आणि साखरेबरोबर पाणीही जातं, सुमारे ३७५ मिलिलिटर जादा. साखरेची लघवी म्हटल्यावर बुरशी आलीच. मावशींच्या रिपोर्टात लघवीत साखर चार प्लस आली तेव्हा घरात रडारड झाली होती. या गोळीवर असताना ती तशीच येते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

लघवी वाढली, घाई वाढली, म्हणून शेवटी ऑक्सिब्युटिनिन. मूत्राशय सैल करणारी गोळी. तिनं तोंड कोरडं पडलं, पोट तुंबलं. चार-चार दिवस शौचाला होत नव्हतं, जोर करावा लागत होता, आणि कुंथताना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर तोच ताण पडत होता जो बाळंतपणात पडला होता.

एकेक चिठ्ठी घेतली तर यातली कुठलीच गोळी चूक नव्हती. ज्यानं दिली त्यानं समोर दिसलेल्या तक्रारीवर दिली. मात्र आधीची पट्टी कुणी मागितली नाही.

तरी सगळं खापर गोळ्यांवर फोडून चालणार नव्हतं. बाळंतपणं होती, वजन होतं, पाळी गेलेली होती. आणि गर्भाशय काढलेलं होतं. २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वीडनच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास आला. गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे लघवी गळण्यासाठी ऑपरेशन लागण्याची शक्यता न काढलेल्यांच्या दुपटीहून जास्त दिसली. आपल्याकडे चाळिशीच्या आसपास 'पिशवी काढून टाका, कटकट नको' हे वाक्य किती सहज बोललं जातं, ते ऐकलं की हा आकडा मला नेहमी आठवतो.

फिटनेसवर सही न करता मी मावशींना घरी पाठवलं ते वही आणि मापाचा मग देऊन. तीन दिवस काय प्यालं, किती लघवी झाली, कधी गळलं, तेव्हा काय चाललं होतं, सगळं लिहायचं. बहुतेक रुग्ण ही वही अर्धवट आणतात. मावशींनी पोषण आहाराच्या रजिस्टरसारखे रकाने आखून आणली, खाली सहीसकट.

दिवसा १४ वेळा, रात्री चार ते पाच वेळा. एका वेळी सरासरी ११० मिलिलिटर. चोवीस तासांत एकूण लघवी साधारण २,०५० मिलिलिटर आणि चहापाणी सगळं मिळून पोटात गेलेलं १,४५० मिलिलिटर. जेवणातून थोडं पाणी जातं, घामातून थोडं निघतं, हे धरलं तरी ही बाई जेवढं पीत होती त्याहून जास्त बाहेर टाकत होती. पाणी तोडून लघवी कमी होईल हा त्यांचा हिशोब चुकला होता, कारण लघवी पाण्यानं होतच नव्हती. साखर आणि फ्युरोसेमाइड ती ओढून काढत होते. पाणी तोडल्यानं फक्त लघवी जळजळीत झाली, बद्धकोष्ठ वाढला आणि जंतुसंसर्गाला वाट मिळाली. शिवाय एकूण लघवीतली ४० टक्के रात्रीची होती. या वयात एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री होत असेल तर दोष एकट्या मूत्राशयावर टाकता येत नाही. लघवी रात्री का तयार होतेय हे पाहावं लागतं. दिवसभर घोट्यांत साठलेलं पाणी आडवं पडल्यावर रक्तात परततं आणि मध्यरात्री मूत्रपिंडाकडून बाहेर निघतं. त्यात संध्याकाळची ती गोळी.

गळण्याच्या रकान्यात दिवसाला सात-आठ नोंदी होत्या. निम्म्या खोकला, शिंक, उचलणं अशा. दोन-तीन 'दाराशी पोचेपर्यंत'. आणि दोन नोंदींपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'काही नाही, बसले होते, कळलं नाही.'

मी अडखळले ते याच नोंदींवर. खोकल्यावर गळतं त्याला कारण आहे, घाईनं गळतं त्यालाही आहे. नुसतं बसल्या जागी, न कळता थेंब थेंब येतं तेव्हा विचार करावा लागतो, की मूत्राशय रिकामं होतंय का. तुडुंब भरलेल्या माठात आणखी तांब्या ओतला तर काठावरून सांडणारच. गळतं म्हणून माठ फुटलाय असं धरून चालत नाही. अकरा वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात तशाच मूत्राशयाच्याही होतात. भरल्याची जाणीव उशिरा येते, आकुंचन पुरतं होत नाही. मावशींच्या तळव्यांना बारीक दोऱ्याचा स्पर्श कळत नव्हता.

लघवी करून आल्यावर लगेच पोटाची सोनोग्राफी केली. आत २२० मिलिलिटर शिल्लक होती. करून आल्यावर पन्नासाच्या आत राहावी अशी अपेक्षा असते. शंभराच्या वर गेली की लक्ष द्यायचं, दोनशेच्या वर म्हणजे मूत्राशय नीट रिकामं होत नाही असंच धरायचं. तपासणी स्वस्त, दहा मिनिटांची, आणि कराडसारख्या गावात जागोजागी सोनोग्राफीची मशिनं. तीन वर्षांत ती कुणीच लिहून दिली नव्हती. आता वहीचा अर्थ लागला. मूत्राशय ३३० पर्यंत भरायचं, त्यातली ११० निघायची, २२० तशीच राहायची, आणि तासाभरात पुन्हा काठोकाठ. म्हणून दिवसाला १८-१९ फेऱ्या. म्हणून संसर्ग, साचलेल्या लघवीत जंतू वाढणारच. त्यावर रोज ऑक्सिब्युटिनिन आणि रात्री खोकल्याची बाटली.

पट्टीच्या ऑपरेशनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याला सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. मूत्रमार्गाच्या मधल्या भागाखाली जाळीदार पट्टी आधारासारखी ठेवायची. ही पद्धत स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये मांडली आणि खोकल्या-शिंकेवर गळणाऱ्या लाखो बायकांना तिचा उपयोग झाला. पण जाळी आत रुतणं, टोचणं, कायमच्या वेदना अशा तक्रारी इतक्या वाढल्या, की जुलै २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचा सरसकट वापर थांबवण्यात आला. ऑपरेशन योग्य रुग्णाला योग्यच आहे. मात्र ज्या मूत्राशयातून लघवी धड बाहेर पडत नाही त्याच्या दारालाच आधार दिला, तर लघवी पूर्ण अडण्याची भीती असते. मग नळी घालून घरी यायची वेळ येते. मी त्या सर्जनना फोन केला. २२० चा आकडा ऐकताच त्यांनी तारीख पुढे ढकलली, आणि नंतर लागलंच तर आधी युरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशय भरताना आणि रिकामं होताना आतला दाब मोजायची) करू असं स्वतःहून म्हणाले. फोन तीन मिनिटांचा होता.

गोळ्या एका दिवसात सगळ्या बंद करता येत नाहीत. काय बदललं आणि कशानं फरक पडला हे मग कळत नाही. पण दोन गोष्टींना थांबायचं कारण नव्हतं. ऑक्सिब्युटिनिन आणि खोकल्याची बाटली त्याच दिवशी बंद केली. रॅमिप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन दिली. काम जवळपास तेच, खोकला क्वचितच. सांगून ठेवलं की खोकला लगेच थांबणार नाही, एक ते चार आठवडे लागतात, कधी तीन महिनेसुद्धा. मावशींचा तिसऱ्या आठवड्यात थांबला. दोन आठवड्यांनी अमलोडिपिन पाचवर आणली आणि फ्युरोसेमाइड काढली. हृदयाची आणि मूत्रपिंडाची तपासणी करून ती कशासाठीच लागत नाही याची खात्री केल्यावरच. हे मुद्दाम सांगतेय. हृदय कमजोर असलेल्या माणसानं हे वाचून स्वतःची पाण्याची गोळी बंद केली तर दम लागून रुग्णालय गाठावं लागेल. दुपारी घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास पाय उशांवर ठेवून पडायचं ठरलं. "भर दुपारी सुनेसमोर पाय वर करून पडू?" मावशी म्हणाल्या. सून म्हणाली, "मीच उशा लावते."

डापाग्लिफ्लोझिनवर मात्र बराच विचार झाला. लघवीच्या त्रासाकडे पाहिलं तर ती आधी काढावी. पण लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं प्रमाण वाढलेलं होतं, म्हणजे मूत्रपिंडाला मधुमेहाची झळ लागायला सुरुवात झाली होती, आणि अशा वेळी हीच गोळी हवी असते. मावशींना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी विचारलं, "डायलिसिस लागू नये म्हणून आहे ना ही? मग राहू दे, मी सोसते." त्यांच्या चुलत दिरांचं डायलिसिस त्यांनी जवळून पाहिलं होतं. गोळी ठेवली, बुरशीवर मलम आणि तोंडावाटे एक औषध दिलं, आणि बरं नसेल, उलट्या होत असतील, उपास असेल तेव्हा ही गोळी घ्यायची नाही असं बजावलं. हा निर्णय बरोबर होता का, याबद्दल दुसऱ्या डॉक्टरचं मत वेगळं असू शकतं. साखरेचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) तेव्हा ९.१ होतं, ते खाली आलं की लघवीतली साखरही थोडी कमी होते, हाही एक हिशोब होता.

पोट साफ होण्यासाठी नुसता इसबगोल पुरला नसता, कारण इसबगोलाला भरपूर पाणी लागतं आणि पाणी तर त्या पीतच नव्हत्या. आधी लॅक्टुलोजचं पातळ औषध, मग पाणी वाढवल्यावर इसबगोल. पाणी दिवसाला पावणेदोन लिटर, त्यातलं बरंचसं दुपारी चारच्या आत. चहा सहावरून दोनवर. लघवीला बसायचं ते कळ येण्याची वाट न पाहता दर तीन तासांनी, घड्याळावर. झाली की उठायचं नाही. थोडं थांबून, किंचित पुढे वाकून पुन्हा करायची. अंगणवाडीतला बंद संडास या सल्ल्यात बसत नव्हता. मावशींनी पर्यवेक्षिकेला अर्ज लिहिला, त्यात मुलांच्या स्वच्छतेचं कारण दिलं, आणि शेजारच्या घरातून पाइप आला. रोग स्वतःचा आणि अर्ज मुलांच्या नावानं. मी हसले, पण पाणी आलं.

सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. शिल्लक ६५ मिलिलिटर. 'कळलं नाही' हा रकाना आता कोरा होता. संसर्गासाठी कल्चर केलं, जंतू नव्हते. योनीमार्गात लावायची इस्ट्रोजेनची मलम सुचवली, कारण पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ होते, मूत्रमार्गही कोरडा पडतो आणि संसर्ग पुनःपुन्हा होतो. १९९३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासात अशी मलम लावणाऱ्या बायकांना वर्षाकाठी सरासरी अर्धा संसर्ग झाला होता, न लावणाऱ्यांना जवळजवळ सहा. आकड्यांनी मावशींवर काहीही परिणाम झाला नाही. तिथे हात लावायचा ही कल्पनाच त्यांना झेपत नव्हती. शेवटी फिजिओथेरपीच्या मुलीनं ते काम केलं.

ही मुलगी जेमतेम तीस वर्षांची असेल. मावशींना काकू म्हणते. लघवी गळणाऱ्या बाईला 'कीगलचे व्यायाम करा' (म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळा) एवढं सांगून आम्ही डॉक्टर मोकळे होतो. अर्नोल्ड कीगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा स्नायूंचा दाब मोजायचं साधनही त्यानं सोबत दिलं होतं, हे आम्ही विसरून गेलो. १९९१ मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात बायकांना नुसतं तोंडी समजावून व्यायाम करायला लावला. निम्म्याच बायकांना तो नीट जमला, आणि एक चतुर्थांश अशा रीतीनं करत होत्या की गळणं उलट वाढावं. मावशी त्या चतुर्थांशातल्या निघाल्या. श्वास कोंडून, पोट आवळून, सगळा जोर खाली. तपासणाऱ्या बोटाला वर ओढ लागायच्या ऐवजी धक्का लागत होता.

"काकू, चार माणसांत बसलाय आणि वारा सरायला आला," ती म्हणाली, "तर काय कराल?" मावशींनी तिच्याकडे पाहिलं, हसू दाबलं, आणि पहिल्यांदा योग्य स्नायू आवळला. तेवढ्यावर पुढचा सगळा अभ्यास उभा राहिला. आवळायचं, वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, सहा ते आठ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं. निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवीची धार मध्येच अडवून सराव करायचा नाही; शिल्लक राहणाऱ्या माणसानं तर मुळीच नाही. आणि एक युक्ती, जिचा फायदा सगळ्यांत लवकर दिसतो: खोकला, शिंक किंवा पातेलं उचलणं यांच्या क्षणभर आधी तो स्नायू आवळून ठेवायचा. शिंक येतेय हे नाकाला आधी कळतंच. घाईची कळ आली तर पळायचं नाही, कारण पळताना धार सुटते. जागच्या जागी उभं राहून पाच-सहा वेळा पटपट आवळायचं, कळ ओसरू द्यायची, मग चालत जायचं.

खोल्या झाडताना करा, भाकरी भाजताना करा, असं सगळे सांगतात. मावशींनी हरिपाठाच्या वेळी करायचं ठरवलं, एका अभंगाला एकदा. फिजिओथेरपीच्या मुलीला हे सांगताना त्या थोड्या ओशाळल्या होत्या. ती म्हणाली, नेम चुकणार नाही, उत्तम.

पॅडबद्दल थोडक्यात. पाळीचे पॅड रक्तासाठी बनवलेले असतात, लघवीचा लोट ते पकडू शकत नाहीत. पृष्ठभाग ओला राहतो आणि कातडी सोलवटते. लघवीसाठीचे पॅड वेगळे मिळतात, महाग असतात, आणि तालुक्याच्या दुकानात मागितले की दुकानदार मोठ्यांचे डायपर पुढे करतो, तेही काउंटरवर सगळ्यांसमोर. पाळीच्या पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये रद्द झाला आणि त्याचं कौतुक झालं. या पॅडांसाठी तसा आवाज कुणी उठवल्याचं मला दिसलेलं नाही. जी बाई वापरते ती कुणाला सांगतच नाही, मग मागणी कोण करणार? मावशींची सून ते ऑनलाइन मागवते आणि कपाटात साड्यांमागे ठेवते. आधीच्या सुती घड्याही वाईट नव्हत्या, फक्त ओली घडी लगेच बदलायला हवी आणि कडक उन्हात वाळायला हवी. परड्याच्या सावलीत लपवून वाळवलेल्या घडीत बुरशी येणारच. आता त्या गच्चीवर वाळतात, इतर धुण्यात.

चार महिन्यांनंतरची नोंद. वजन ६७ किलो. वजनाचा परिणाम किती, हे एका बाईवरून सांगता येत नाही, पण २००९ मध्ये आलेल्या अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांत वजन सरासरी आठ टक्क्यांनी कमी केलेल्या बायकांच्या गळण्याच्या वेळा ४७ टक्क्यांनी घटल्या होत्या, तर नुसती माहिती दिलेल्यांच्या २८ टक्क्यांनी. एचबीएवनसी ७.६. बीपी १३४/८२. गळणं दिवसाला सात-आठ वेळांवरून आठवड्याला एकदोनदा, तेही जोराच्या शिंकेवर. एसटीनं साताऱ्याला जाऊन आल्या. पॅड लावून, आणि स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या सगळ्यांत जवळच्या बाकावर बसून. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाल्या, एवढ्यावर भागतंय. हा निर्णय कायमचा नाही. शिंकेवरचं गळणं पुन्हा वाढलं तर सर्जनकडे जायचा रस्ता उघडा आहे, आणि तेव्हा मूत्राशय रिकामं होत असल्यानं तो सुरक्षितही असेल.

नसांचं मात्र काही परत येणार नाही. तळव्यांची बधिरता तशीच आहे, त्यामुळे मूत्राशयाचीही वाढू शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी शिल्लक लघवी मोजायची, आणि कळ येवो न येवो, घड्याळावर जायचं. लघवीत रक्त दिसलं, लघवी पूर्ण अडली, किंवा जांघेत नि बसायच्या जागी अचानक बधिर वाटून पायातली शक्ती गेली तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, हे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय.

रात्रीचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. पाच वेळांवरून दोनवर आलं, पण दुसऱ्या वेळच्या वहीतही रात्रीची लघवी ३६ टक्के निघाली. घोटे आता सुजत नाहीत, संध्याकाळची गोळी नाही, मग ही कुठून? मी सुनेला विचारलं, आत्या घोरतात का? ती सासऱ्यांकडे बघायला लागली. यावेळी ते बरोबर आले होते, गुडघ्याचं नाटक संपलं होतं. झोपेत श्वास अडकत असेल तर हृदयावर ताण येतो आणि शरीर रात्री जास्त लघवी तयार करतं. जाड मान, रक्तदाब आणि दिवसा पेंग, तिन्ही मावशींना आहे. झोपेची तपासणी सुचवली आहे. काका म्हणाले, "घोरतो मी. ही कशाला घोरेल?" मावशी म्हणाल्या, "मग आधी यांची करा." दोघांची तारीख घेतली आहे.